वार्धक्याचे संशोधन करण्याआधी कान, डोळे आणि शाळेची वर्षे मोजा: मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
वार्धक्य, बोधनक्षमता (स्मृती, लक्ष, विचार यांची क्षमता) आणि ज्येष्ठांचे आरोग्य या विषयांत विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे सर्व गाइड, तसेच त्यांच्या सिनॉप्सिसना (संशोधनाच्या आराखड्यांना) मंजुरी देणाऱ्या संशोधन व एथिक्स समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या चाचण्या घेणे, त्या कशा घ्यायच्या हे विद्यार्थ्यांना शिकवणे आणि प्रबंध जमा होण्याआधी त्यातली आकडेवारी तपासून देणे, हे आमचे रोजचे काम. या विषयातल्या प्रबंधांत एक वाक्य जवळपास ठरलेले असते: ‘तरुण गटाच्या तुलनेत ज्येष्ठ गटाची स्मरणशक्ती लक्षणीयरीत्या कमी आढळली.’ शेजारी पी-मूल्य, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नसावा हे दाखवणारा आकडा, असते, तेही चोख. ज्येष्ठ गटातल्या किती जणांना यादीतले शब्द नीट ऐकू आले होते, हे मात्र कुठेच नसते.

पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण सरळ आहे. विद्यार्थी डेटा गोळा करायला निघतात तोवर सिनॉप्सिस मंजूर झालेला असतो, चाचण्यांची यादी ठरलेली असते आणि ‘३० तरुण, ३० ज्येष्ठ’ हा आकडा दगडावरची रेघ झालेला असतो. त्यांच्या हाती दुरुस्त करण्याजोगे फारसे उरत नाही. म्हणून मंजुरीच्या आधीच एक प्रश्न विचारला जावा, एवढेच मागणे आहे: चाचणीतला प्रश्न समोरच्या माणसापर्यंत पोहोचतो की नाही, हे तुम्ही कसे मोजणार?

सुरुवात कानापासून करू. वयोमानाने येणारा बहिरेपणा सगळे आवाज सारखेच मंद करत नाही. आतल्या कानातल्या शंखाच्या तळाशी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, त्या आधी निकामी होतात. स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते, त्यामुळे कुणी बोलते आहे हे कळत राहते. स, श, फ, थ, क अशा व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत दडलेली, ती गळते. ‘साप’ की ‘ताप’, ‘काठी’ की ‘पाठी’, हे ठरते नेमके त्या गळलेल्या भागात. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही’ असे ज्येष्ठ म्हणतात ते शब्दशः खरे असते.

आता शब्दांची यादी पाठ करून घेणारी चाचणी डोळ्यांसमोर आणा. १५ शब्द, सेकंदाला एक या गतीने वाचायचे, मग आठवतील तेवढे सांगा म्हणायचे. असे पाच वेळा. यादीत ‘साप’ आहे. समोरच्या बाई ‘ताप’ म्हणतात. विद्यार्थी नियमाप्रमाणे ‘यादीबाहेरचा शब्द’ अशी खूण करतात, कारण पुस्तिकेत तसेच लिहिले आहे. असे यादीबाहेरचे शब्द पुष्कळ येणे हे स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीचे एक लक्षण मानले जाते. म्हणजे एका व्यंजनाच्या ऐकण्यातली चूक तीन पायऱ्या चढून आजाराच्या खात्यात जमा झाली. शब्द बरोबर ऐकू आला तरी हिशेब संपत नाही. अर्धवट आवाजातून शब्द जुळवायला जे लक्ष खर्च होते, ते तो शब्द मनात साठवायला उरत नाही.

हे काही नवे नाही. १९९४ मध्ये लिंडेनबर्गर आणि बाल्टेस या मानसशास्त्रज्ञांनी बर्लिनमधल्या ७० ते १०३ वर्षे वयाच्या १५६ जणांची तपासणी करून दाखवले, की बुद्धीच्या चाचण्यांत वयामुळे दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे ९३ टक्के फरक नजर आणि ऐकणे या दोन गोष्टींशी जोडलेला होता. त्याचा अर्थ ‘बुद्धी म्हणजे कान’ असा नव्हे. कान, डोळे आणि मेंदू एकाच कारणाने एकत्र झिजत असतील, हीदेखील शक्यता आहे आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणूनच ऐकण्याचा आकडा विश्लेषणात नुसता घुसवून ‘आम्ही त्याचा प्रभाव वजा केला’ असे लिहून चालत नाही. वजा केल्यानंतरचा आणि आधीचा, दोन्ही निकाल छापा. पण वजा करायला आकडा तरी हवा. तोच घेतलेला नसतो.

घ्यायला अवघड आहे का? मुळीच नाही. ऑडिओमीटर मिळत असेल तर प्रत्येक कानाचा ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा आवाज, मोजून सरासरी काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बऱ्या कानाची सरासरी २० डेसिबलच्या आत असेल तर ऐकणे सामान्य, २० ते ३५ सौम्य दोष, ३५ ते ५० मध्यम. यंत्र नसेल तर कुजबुज चाचणी करा. परीक्षकाने पाठीमागे हातभर, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर अंतरावर उभे राहायचे. समोरच्याने दुसऱ्या कानाच्या तोंडाशी बोट फिरवत तो कान झाकायचा. पूर्ण श्वास सोडून मग तीन अंक-अक्षरे कुजबुजायची, उदाहरणार्थ ‘४, ब, ६’. चुकले तर वेगळा संच घ्यायचा. दोन्ही मिळून सहापैकी तीन बरोबर आले तर तो कान उत्तीर्ण. श्वास न सोडता कुजबुजले तर आवाज मोठा निघतो आणि सगळेच उत्तीर्ण होतात, ही नेहमीची चूक. आणि त्याआधी कानात मळ साचलेला नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्या. निम्मे प्रश्न कधीकधी तिथेच सुटतात.

खोलीबद्दल चार शब्द. पंखा बंद, एसीचा झोत कमी, खिडकी लावलेली. फरशी आणि उघड्या भिंतींची खोली घुमते, तिथे पडदे आणि सतरंजी घाला. परीक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको, कारण ओठ दिसले पाहिजेत. अंतर एक मीटर. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे, सुरू आहे आणि त्याची बॅटरी जिवंत आहे हे आधी पाहा. खिशातले श्रवणयंत्र आम्ही मोजत नाही. ओरडू नका. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने होती तिथेच राहतात आणि ओठांचा आकारही बिघडतो. आवाजाची पट्टी खाली आणा, गती थोडी कमी करा. चाचणीची पुस्तिका परवानगी देत असेल तिथे पहिल्या फेरीत प्रत्येक शब्द लगेच म्हणवून घ्या आणि चुकीचा ऐकलेला शब्द वेगळ्या रकान्यात लिहा.

याच ओघात बोलण्याच्या सुराबद्दल. अनोळखी माणसाला ‘आजी, घाबरायचं नाही हं, अगदी सोप्पं आहे’ असे लाडिक स्वरात सांगणारे विद्यार्थी चांगल्या मनाचेच असतात. पण तो उंचावलेला, हेलकावे खाणारा सूर ऐकायला आणखी कठीण असतो, आणि ‘सोप्पं आहे’ म्हटल्यावर चुकण्याची लाज दुप्पट होते. ‘अहो-जाहो’ करा, नावाने किंवा आडनावाने हाक मारा, वाक्ये पूर्ण बोला. ‘आता तुमची स्मरणशक्ती तपासू’ यापेक्षा ‘काही शब्द आणि चित्रांचे काम करू’ ही सूचना बरी. सूचनेत स्मृतीवर भर दिला की ज्येष्ठांची कामगिरी घसरते आणि तो भर काढला की तरुणांशी असलेला फरक आक्रसतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

डोळ्यांचे लवकर सांगून होते. जवळच्या नजरेचा तक्ता ४० सेंटीमीटरवर धरून, ज्याच्या त्याच्या चष्म्यासह वाचवून घ्या. खोलीत +१.५ ते +३ पर्यंतचे वाचनाचे चार चष्मे ठेवा, कारण चष्मा घरी विसरणारे निघतातच. नेत्रभिंग वयानुसार पिवळे पडते, बाहुली लहान होते आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळू लागतात. शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगण्याच्या स्ट्रूप चाचणीत निळे-हिरवे शेजारी ठेवून ‘आवरशक्ती मंदावली’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे मोतिबिंदूला मानसशास्त्रात आणणे. दुहेरी भिंगाचा चष्मा घातलेल्याला संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत दिलात, तर तो हनुवटी उचलून खालच्या भिंगातून पाहतो; दहा मिनिटांत मान दुखते आणि प्रतिसाद मंदावतात. पडदा खाली आणि थोडा मागे कललेला ठेवा. टॅबलेट वापरत असाल तर आणखी एक: कोरड्या, किंचित थरथरणाऱ्या बोटाचा स्पर्श कधी नोंदलाच जात नाही, कधी दाबून धरल्याचा मानला जातो. खऱ्या चाचणीआधी नुसते चौकोन दाबण्याच्या २० सराव-फेऱ्या घ्या आणि त्यांचाही वेळ साठवा. हाताचा वेग किती आणि विचाराचा किती, हे पुढे त्यातूनच वेगळे करता येते.

आता शाळा. इथे आमचा सूर थोडा चढेल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. मिनी मेंटल ही बोधनक्षमतेची ३० गुणांची चाचणी १९७५ पासून वापरात आहे आणि २४ पेक्षा कमी गुण म्हणजे बिघाड, असा कट-ऑफ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक प्रौढांचे गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शाळा झालेल्यांचा मध्यांक (निम्मे वर, निम्मे खाली असा मधला गुण) २९ होता, पाच ते आठ वर्षे झालेल्यांचा २६ आणि शून्य ते चार वर्षे झालेल्यांचा २२. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. २४ ची रेघ ओढली, तर कमी शिकलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक कोणताही आजार नसताना ‘बिघडलेले’ ठरतात.

२००५ ची मॉन्ट्रियल चाचणी, म्हणजे मोका, सौम्य बिघाड जास्त चांगला पकडते, पण शाळेची उणीव भरून काढायला ती १२ किंवा कमी वर्षे शिक्षण असलेल्यांना सरसकट एक गुण देते. बारावी झालेल्याला एक आणि कधी पेन्सिलच न धरलेल्यालाही एक. घनाकृती चित्र पाहून उतरवणे, अंक आणि अक्षरे आलटून-पालटून रेषेने जोडणे ही कामे हाताला शाळेने लावलेल्या वळणावर उभी आहेत. ते वळण नसलेल्याची रेघ थरथरते ती अवकाशबोध (आकार-अंतरांची जाण) गेल्यामुळे नव्हे. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘किमान शिक्षण: लिहिता-वाचता येणे’ एवढ्यावर भागवू नका. शाळेची प्रत्यक्ष वर्षे विचारा, कोणत्या भाषेतून शिकले ते विचारा, सध्या वाचन-लेखन किती होते ते विचारा, आणि कट-ऑफ कुठल्या लोकसंख्येतून आला आहे ते लिहायला लावा. त्या जोडीला जवळच्या व्यक्तीकडून भरून घ्यायची आयक्यूकोड प्रश्नावली ठेवा. तिच्या १६ प्रश्नांच्या लघुरूपात ‘दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसे’ एवढेच विचारलेले असते, त्यामुळे शाळेचा प्रभाव बराच कमी राहतो. ही मुलाखत वेगळ्या खोलीत घ्या. शेजारी बसलेला मुलगा वडिलांना तारीख सुचवतो, आणि त्याला वाटते आपण मदत करतो आहोत.

भाषांतराची कथा तर वेगळीच. चाचणीचे मराठी भाषांतर, मग त्याचे उलट भाषांतर, दोन्ही जुळले की समिती समाधानी. पण ‘डोळा’ या शब्दासाठी भाषांतरकाराने ‘लोचन’ लिहिले तरी उलट भाषांतर अगदी बिनचूक येते! अर्थ जुळला, अवघडपणा जुळला नाही. शब्द किती वापरातला आहे, किती लांब आहे, उच्चाराला कसा आहे, हे उलट भाषांतर दाखवत नाही. दहा-बारा ज्येष्ठांकडून तो शब्द म्हणवून आणि समजावून घेतल्यावरच कळते. काही कामे तर मराठीत तशीच्या तशी येऊच शकत नाहीत. शब्द उलटा सांगा, हे रोमन लिपीत सोपे आहे. ‘पुस्तक’ उलटा कसा सांगायचा? ‘क, स्त, पु’ की ‘क, त, स, पु’? दोन परीक्षक दोन तऱ्हेने गुण देतात. एका मिनिटात ठरावीक अक्षराचे शब्द सांगण्याच्या चाचणीत ‘क’ दिला, तर की-कु-के चालणार का, ‘क्ष’ चालणार का? साक्षर माणूस मनात मुळाक्षरांचा तक्ता पाहतो, निरक्षर माणूस आवाज ऐकतो. दोघांची उत्तरे वेगळी येणारच. हे आधी ठरवून सूचनेत लिहा, किंवा सरळ प्राण्यांची नावे विचारा. ऐकलेले अंक परत म्हणण्याच्या चाचणीतसुद्धा इतर भाषेतले नॉर्म्स (तुलनेसाठीचे सरासरी गुण) उचलू नका, कारण किती अंक लक्षात राहतात हे ते उच्चारायला किती वेळ लागतो यावरही ठरते. शिवाय ‘सात’ आणि ‘आठ’ एकापाठोपाठ ठेवू नका. कारण वर आले आहे: व्यंजने गळली की दोन्ही सारखेच ऐकू येतात.

एक जाता जाता: मिनी मेंटल स्वामित्वहक्काखाली आहे आणि मोकासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र लागते. झेरॉक्स काढून वापरलेली प्रत प्रबंध छापताना आडवी येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माणसाचा त्या दिवशीचा हालहवालही मोजमापात उतरतो. ज्येष्ठांचे लक्ष बहुधा सकाळी उत्तम असते, विद्यार्थी वयातल्यांचे दुपारनंतर. दोन्ही गटांना दुपारी तीनला बोलावले की वयाचा फरक फुगतो. सगळ्यांना सकाळी नऊला बोलावले तर तो आक्रसतो. वेळ नोंदवा आणि दोन्ही गटांत ती सारखी विखुरलेली ठेवा. येताना चालू औषधांची पिशवीच घेऊन यायला सांगा, कारण तोंडी यादीत झोपेची गोळी आणि सर्दीची गोळी हमखास सुटते. जुन्या पिढीतली सर्दी-खाजेची औषधे, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, मूत्राशयासाठीचे ऑक्सिब्युटिनिन यांचा अ‍ॅसिटिलकोलिनविरोधी परिणाम स्मृतीवर होतो. झोपेच्या गोळ्यांचा तर होतोच. नुकतेच इस्पितळातून घरी आलेल्यांची चाचणी काही आठवडे पुढे ढकला. आजारपणातल्या प्रलापाची, म्हणजे भान हरपण्याची, अवस्था तासागणिक बदलते आणि शांत पडून राहणारा रुग्ण त्यातून बाहेर आला असेलच असे नाही. नैराश्यासाठी १५ प्रश्नांची जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केल पुरते. पाचपेक्षा जास्त गुण आले की स्मृतीचा निकाल राखूनच वाचायचा.

एका बैठकीत ६० ते ७५ मिनिटांहून अधिक काम नको, आणि मध्यावर स्वच्छतागृहाची सुट्टी न विचारता द्या. चाचण्यांचा क्रम लावताना एक खड्डा नेहमीचा आहे. शब्दांची यादी दिल्यावर २० ते ३० मिनिटांनी ती पुन्हा विचारायची असते, आणि मधला वेळ भरायला विद्यार्थी गोष्ट आठवून सांगण्याची दुसरी चाचणी घेतात. गोष्टीतले शब्द यादीत मिसळतात. मधल्या वेळेत चित्रांचे, आकृत्यांचे किंवा चालण्याचे काम ठेवा.

चालण्याचेही नीट ठेवा. नेहमीच्या गतीची चाल चार मीटरवर मोजायची तर पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक मीटर मोकळा हवा, नाहीतर सुरुवातीचा वेग पकडणे आणि शेवटचे थांबणेही मोजले जाते. सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी चाल ही स्नायुक्षयाच्या २०१९ च्या युरोपीय निकषांत गंभीर मानली आहे. मुठीच्या ताकदीसाठी त्याच निकषांत पुरुषांना २७ किलो आणि स्त्रियांना १६ किलो या मर्यादा आहेत. कोपर काटकोनात, दंड अंगालगत, प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न, मध्ये विश्रांती. खुर्चीवरून उठून तीन मीटर जाऊन परत बसण्याच्या चाचणीत १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरतात. पण खुर्ची रोज बदलली तर सेकंदही बदलतात. एकच खुर्ची घ्या, तिच्या बैठकीची उंची मोजून प्रबंधात लिहा, आणि काठी वापरणाऱ्याला काठी वापरू द्या, फक्त तशी नोंद ठेवा. उभे करण्याआधी पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्या, मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर चालण्याची चाचणी त्या दिवशी नको.

प्रतिसादवेळेच्या हिशेबात एक सापळा इतका सामान्य आहे की तो आकड्यांतच मांडतो. समजा तरुणांना सोप्या कामाला ६०० मिलिसेकंद लागतात आणि अवघडाला ८००, फरक २००. ज्येष्ठांना ९०० आणि १२००, फरक ३००. प्रबंध म्हणतो, अवघड कामात ज्येष्ठांचे जास्त नुकसान झाले, म्हणजे त्यांचा अमुक एक विशेष गुण क्षीण झाला. पण दोन्हीकडे वाढ एक तृतीयांशच आहे. ज्येष्ठ सगळ्याच गोष्टी दीडपट वेळात करत आहेत, विशेष काही नाही. लॉगरिदम घेऊन तपासले की वय आणि अवघडपणा यांची ती ‘आंतरक्रिया’ नाहीशी होते. तसेच सॉफ्टवेअरमध्ये आधीच बसवलेली २००० मिलिसेकंदांची मर्यादा ज्येष्ठांचे बरोबर पण संथ प्रतिसाद कापून टाकते. मर्यादा प्रत्येक व्यक्तीच्या स्वतःच्या मध्यांकावरून ठरवा.

आणि ‘३० तरुण, ३० ज्येष्ठ’. या रचनेत वय बदलते तेव्हा जन्मवर्षही बदलते, आणि जन्मवर्षासोबत शाळा, लहानपणचे पोषण, संगणकाची सवय, सगळेच. वय म्हणजे चालू वर्ष वजा जन्मवर्ष. तिन्हींचे परिणाम एका फेरीच्या डेटातून सुटे करता येतच नाहीत. १९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ शाय यांनी सिएटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासाने त्याच माणसांना वर्षानुवर्षे तपासून हे दाखवले, की एकदाच घेतलेल्या तुलनेत जी घसरण लवकर सुरू होताना दिसते ती पाठपुराव्यात बऱ्याच उशिरा आणि हळू येते. पाठपुराव्यालाही स्वतःचे आजार आहेत. चाचणी दुसऱ्यांदा घेतली की सरावाने गुण वाढतात, म्हणून समांतर आवृत्ती वापरायची. आणि जे पुन्हा येत नाहीत ते यदृच्छेने गळत नाहीत. ज्यांची प्रकृती ढासळली, तेच बहुधा गळतात. १२० पैकी ८४ परत आले आणि सरासरी तीच राहिली, तर ‘घसरण नाही’ असे लिहू नका. आधी त्या ३६ जणांचे पहिल्या फेरीतले गुण छापा.

यातून समित्यांकडे एक थेट मागणी निघते. प्रत्येक प्रबंधाने स्वतःचा डेटा गोळा केलाच पाहिजे, हा हट्ट सोडा. १९९२ पासूनचा अमेरिकेतला एचआरएस, २००२ पासूनचा इंग्लंडमधला एल्सा, २००४ पासूनचा युरोपातला शेअर, या पाठपुरावा अभ्यासांचा डेटा नोंदणी करून विद्यार्थ्यांना मिळतो. त्यात बोधनक्षमता आहे, आजार आहेत, उत्पन्न आहे, आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्या आहेत. दोन वर्षांत ६० जणांना एकदाच भेटून जे कळणार नाही, ते तिथे विचारता येते. ज्यांना स्वतःच चाचण्या घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी प्रश्न लहान करा: एक कौशल्य, वयाची सलग पट्टी, शिक्षणाची सलग पट्टी, आणि दहा जणांची पूर्वचाचणी सक्तीची.

ऐकण्याकडे लक्ष द्यायला दुसरेही कारण आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले, त्यांत बहिरेपणा आहे आणि या खेपेस नजरेचा दोषही आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या श्रवणयंत्रांवरच्या प्रयोगात ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांचा तीन वर्षे पाठपुरावा झाला. श्रवणयंत्राने सरसकट सर्वांमध्ये फरक दिसला नाही. आधीपासून जास्त धोका असलेल्या गटात मात्र बोधनक्षमतेची घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे ज्या गोष्टीला विद्यार्थी अडथळा समजून बाजूला सारतात, तीच कदाचित प्रबंधाचा विषय असायला हवी.

संमतीपत्राबद्दल एथिक्स समितीला. आठ पानी संमतीपत्रावर अंगठा किंवा सही म्हणजे संमती नव्हे. ‘आज आपण काय करणार आहोत, नको वाटले तर काय करायचे, हे मला तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. चुकले तर पुन्हा समजवा, पुन्हा विचारा. शंका असेल तिथे दहा प्रश्नांची यूबीएसीसी ही संमतिक्षमतेची चाचणी आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या वतीने मुलाने सही केली तरी त्या माणसाने हात झटकला, तोंड फिरवले, की चाचणी तिथेच संपली. तशी ओळ प्रोटोकॉलमध्ये हवी. स्क्रीनिंगचा आकडा कुणाच्या हातात ‘निदान’ म्हणून पडता कामा नये. ‘तुम्हाला २१ मिळाले’ एवढे ऐकून माणूस रात्रभर जागा राहतो. कमी गुण आले तर काय सांगायचे, कुणाकडे पाठवायचे, हे लेखी ठरवूनच पहिल्या माणसाला बोलवा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ वापरत असाल तर तिचा नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. ते उत्तर माणूस खोलीबाहेर पडण्याआधी पाहिले गेले पाहिजे. महिनाअखेरीस डेटा भरताना ते सापडले, तर त्याला काय म्हणायचे ते आपणच ठरवा.

राहता राहिले विद्यार्थी. ज्यांच्याशी तासन्‌तास बोललो ते सहभागी पुढच्या फेरीपर्यंत हयात नसतात, हे या विषयात घडणारच. फोन उचलणाऱ्या मुलीला काय म्हणावे, हे कुणी शिकवलेले नसते. त्या फोनसाठी दोन वाक्ये आधी लिहून द्या, आणि असा फोन झाल्यावर त्या दिवशी दुसरी चाचणी ठेवू नका.

पुढच्या बैठकीत सिनॉप्सिसच्या नमुन्यात चार रकाने वाढवावेत: ऐकण्याचे मोजमाप कसे, नजरेचे कसे, शिक्षणाची वर्षे आणि भाषा कशी नोंदवणार, गळालेल्यांचा हिशेब कसा देणार. हे चार रकाने कोरे असतील तर प्रस्ताव परत पाठवावा. नमुन्याचा मसुदा आणि पूर्वचाचणीची तपासणी-यादी हवी असेल तर ती तयार करून द्यायला आम्ही बसू.

कळावे,
आपले,
ज्येष्ठांच्या चाचण्या घेणारे आणि त्यांची आकडेवारी तपासणारे काही सहकारी